बुअज्जाचा नांगर

मोरोक्कोतल्या आमच्या खाडीकाठी भट्टीवर पावांसाठी रांग होती. पुढे चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणारी रकिया, जिला सगळे मानानं 'लल्ला' म्हणत, आणि सहलीची होडी चालवणारा बुअज्जा. दोघंही खाडी-बचाव समितीत.

"लल्ला रकिया, कालचं माझं भाषण ऐकलंत ना?"

"ऐकलं की! समुद्रगवत वाचवा म्हणताना गळा दाटून आला होता तुझा."

"आलाच होता."

"आणि सभा संपताच, आम्ही बायकांनी चिखलात लावलेल्या त्याच गवतात नांगर टाकलास. गवत मुळासकट उपटलं, पाणी गढूळ, तिसऱ्या गायब."

"मग कुठं टाकू, डोक्यावर?"

"छे, तुला कशाला त्रास? सकाळी आम्हीच उचलला."

"आणि होडी?"

"तुझ्या सासूच्या दारासमोर काठाला बांधलीय. जावई फुकट फिरवणार म्हटलं, तर सासू सगळ्या बहिणींना घेऊन होडीत बसलीय."

बुअज्जा पाव न घेताच पळाला.

"त्याचे पाव होडीवर पाठवा," रकिया भट्टीवाल्याला म्हणाली, "आज उशीर होईल बिचाऱ्याला."