विथड्रॉवल म्हणजे नाव काढून घेणं

हॅलो?… हो, मीच. ऑफिसातच आहे, बोल… अगं, मोठ्यानं बोल, खिडकीशी ही गर्दी आहे… एक मिनिट थांब हं. – तुला काय हवंय गं? प्रवेश रद्द? मग पांढरा नाही, निळा फॉर्म. वर काय लिहिलंय? विथड्रॉवल. हां, तोच. पालकांची सही आण, मग ये. – हं, बोल आता. कसा आहे आपला पोपट?

अजून बडबडतोय?… अगं, कालच पायाचं ऑपरेशन झालंय, भूल उतरताना बडबडतातच माणसं. आणि माझ्या भावाचं तर नावच पोपट…

रडू नकोस, वहिनी. आधी नीट सांग.

हो… हो… हात बांधलेत? पलंगाला? का पण?… सलाईनची सुई उपटतो म्हणून… बरं… काय करतो? परत सांग… हवेत सुई ओवतो?… आणि दोरा दातानं तोडतो… आणि पायानं मशीन मारतो? मोडलेल्या पायानं?… अगं आई गं!

नाही, नाही, घाबरू नकोस. तीस वर्षं शिलाई केली, तापातही कपडेच शिवणार. ताप आहे ना?… एकशे तीन? कधीपासून?… आणि मला आत्ता सांगतेस!

डॉक्टर काय म्हणतात?… परत तेच? विथड्रॉवल?… अगं, मंगळवारीच सांगितलं ना मी तुला! तू तर पैसे काढायचे समजून पासबुक शोधत बसली होतीस. ते बँकेतलं. इथलं वेगळं. विथड्रॉवल म्हणजे नाव काढून घेणं. वर्षाला चारशे फॉर्म जातात माझ्या हाताखालून, मला नको शिकवू. त्यांना खाट रिकामी हवी असणार, दुसरं काय. तू ठाम राहा. आम्हाला विथड्रॉवल वगैरे काही नाही म्हणावं. मंगळवारी तसंच सांगितलंस ना?… आणि त्यांनी कागदावर 'नाही' लिहून घेतलं? शाब्बास.

आज नवीन डॉक्टर आहेत? बाई?… त्यांनी सोपं करून सांगितलं?… हं… काय सुटल्यावर?… नीट ऐकू आलं नाही. कशाची सवय एकदम सुटल्यावर?…

…

आहे. ऐकतेय मी.

तू काय सांगितलंस त्यांना?… 'ताईंना विचारते' म्हणालीस… हं.

– अगं मुली, खिडकी बंद आहे आता. बंद म्हणजे बंद! उद्या ये! –

ऐक. शांतपणे ऐक. तुझ्यापासून एक गोष्ट लपवली मी… नाही, मधे बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं सांगवणार नाही. तो पितो गं. दुकानात. मशीनच्या खणात, रिळांच्या डब्यामागे बाटली असायची. सकाळपासून घोट घोट… मला वाटलं तुला कळलं तर तू…

काय?… तुला माहीत होतं? कधीपासून?… मग मला कधी बोलली नाहीस?… मला वाईट वाटेल म्हणून. आणि मी तुला वाईट वाटेल म्हणून. धन्य आहोत आपण दोघी!

पण मग भरती करताना साधं विचारलं नाही का कोणी, पितात का म्हणून?… विचारलं. आणि तू 'छे' म्हणालीस… नाही गं, तुझं नाही चुकलं, चारचौघांत कुठली बायको हो म्हणेल? त्यांना शंका होतीच म्हणून तर परत विचारलं त्यांनी, त्या शब्दात. आणि तू मला फोन केलास. आणि मी… हो. मी सांगितलं म्हणून. तीन दिवस फुकट गेले. मीच.

डॉक्टर आहेत तिथे? दे. फोन दे त्यांना. पळ!

नमस्कार डॉक्टर. मोठी बहीण मी, सख्खी… हो, पितो. रोज. दिवसाला एक बाटली तरी… सहा वर्षं. सात असतील… शेवटची? रविवारी. संध्याकाळी पाच वाजता… नाही, अंदाज नाही, पक्कं माहीत आहे. उरलेली मीच ओतली दुकानाच्या मोरीत, त्याच्यासमोर. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली त्यानं, आता थेंब नाही म्हणून… नाही, कुठल्या डॉक्टरला नाही विचारलं. एका दमात सोडली की सुटते, असं मला वाटलं… हळूहळू कमी करायची असते?… औषधं देऊन… हो… मला नव्हतं माहीत.

एक विचारू? तो मंगळवारी दुकानाच्या पायरीवरून पडला ना… आम्ही समजलो पाय घसरला… फिटचा झटका? दारू एकदम तुटल्यामुळे? म्हणजे पडला तोही… बरं. बरं. कळलं.

नाही हो, चोरून नाही प्यालेला. नक्की सांगते. आजवर पन्नास शपथा मोडल्या असतील त्यानं, ही एकच पाळली.

वाचेल ना?… असं कसं डॉक्टर, 'सांगता येत नाही'?… हो. तुम्ही करा तुमचं काम. सुरू करा लवकर. मी निघतेच. तिला फोन द्या जरा.

अगं, त्याच्या कानाला लाव फोन. ते इंजेक्शन भरेपर्यंत… असू दे, नाही कळलं तरी असू दे. लाव तू.

पोपट? ए पोपट, ताई बोलतेय. ऐक ना रे. शपथ सुटली. कळलं का? माझ्या डोक्यावरची शपथ मी परत घेतली. लहानपणी म्हणायचो ना आपण, सुटली, सुटली, सुटली… म्हण बघू तू पण. एकदा म्हण…

काय?… काय रे?…

हो राजा. माहीत आहे मला. नाही प्यालास तू. एक थेंब नाही प्यालास… शहाणा माझा… पोपट?…

अगं, तो बोलायचा का थांबला?… कोण ओरडतंय तिथे? फोन उचल ना… हॅलो?

हॅलो?