मालगाडी आली अन् उत्तर गेलं

...अन् वरून मलेच म्हणते, "अवो, तुमी असे तोंड पाडून काहून बसले?" आता काहून बसलो म्हणजे? बायकोले तोंडी परीक्षेत माह्यापेक्षा दुप्पट मार्क भेटले, तं मी का अंगणात नाचू? तुमाले सांगतो, मी काई जळून नाई राहिलो. वरठीच्या कारखान्यात दिवसभर भट्टीपाशी उभा राहणारा माणूस मी, घरी येऊन अजून कायले जळू?

पण अन्याय पाहा न. बी.ए. पायजे कोणाले होतं? मले. सुपरवायझर व्हायचं तं पदवी लागते, म्हणून मी भंडाऱ्याले कॉलेजात नाव टाकाले गेलो. आमची पुष्पा सोबत आली, तिले भात शिजवाले पितळेचा गंज घ्यायचा होता. तिथला बाबू चष्म्याच्या वरून पाहून म्हणते, "ताई, बारावी झाली न तुमची? मग तुम्हीही घ्या प्रवेश." अन् हे म्हणते, "घेते." काई विचार नाई, नवऱ्याकडे पाहणं नाई... गंज घ्याले गेलेली बाई बी.ए. घेऊन घरी आली. मी मनात म्हटलं, येऊ दे, रविवारच्या वर्गाले सोबत होईन, डबा राहीन. कारखान्यात साऱ्यायले सांगून टाकलं, पहिला मीच येतो.

आता माहा अभ्यास कसा? एकदम पद्धतशीर. भिंतीवर वेळापत्रक. पिवळा पेन, गुलाबी पेन, हिरवा पेन. महत्त्वाचं असन तं पिवळं करायचं, लय महत्त्वाचं असन तं गुलाबी... मले सारंच महत्त्वाचं वाटे, तं पुस्तकाची पार रंगपंचमी झाली. मंग दार बंद, डोळे बंद, अन् घोकणं. शब्द न् शब्द पाठ. फक्त मधातून कोणी काई विचारलं, तं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करा लागते, थे वेगळं.

अन् हिचा अभ्यास? चहा उकळेपर्यंत एक पान वाचन. दुपारी घरापुढच्या छपरीत सूप मांडीवर घेऊन बिड्या वळाले बसन. शेजारच्या कुंताबाई अन् शकुनबाई येतात, तेंदूपानं कापता कापता ही त्यायले धडा सांगते. त्या आडवं विचारतेत, ही उत्तर देते. नाई देता आलं तं उठून पुन्हा पुस्तक पाहते. म्हणते, "दुसऱ्याले सांगितल्याबिगर मले समजतच नाई." याले अभ्यास म्हणतेत का, तुमीच सांगा? आमच्याकडे याले चुगल्या म्हणतेत. मी काई जळून नाई राहिलो, पण चुगल्यायले मार्क?

अन् खरं सांगू का, मार्काचं जाऊ द्या. लगन झाल्यापासून हिची सारी गोष्ट पहिले मले कळे. कोणाची गाय व्याली, कोणाची सून रुसली, सारं. आता पहिले कुंताबाईले कळते. मले दाराच्या फटीतून ऐकावं लागते. थे मले लागते, इथं छातीत लागते.

तं तोंडी परीक्षेले विषय आला, अमली पदार्थांच्या तस्करीमागची सामाजिक अन् आर्थिक कारणं. मी बेरोजगारी पिवळी केली, दारिद्र्य गुलाबी केलं, विषमता हिरवी. सुट्टीच्या दुपारी घोकाले बसलो, तं बाहेरून हिचा आवाज. हिनं एक भैय्यालाल उभा केला होता, मनातला. धान कापून झालं, हाताले काम नाई, ठेकेदारानं कामावरून काढलं, पोरगी दवाखान्यात. अन् स्टेशनावर इस्त्रीच्या कपड्यातला एक माणूस येते, म्हणते, "भाऊ, एवढी बॅग पुढच्या स्टेशनावर पोचवून दे."

शकुनबाई म्हणते, "मंग त्यानं बॅग उघडून काहून नाई पाह्यली?"

कुंताबाई म्हणते, "पाह्यली असती तं काम गेलं असतं न."

घ्या! मी पुस्तक मिटलं अन् दाराले कान लावला. माहे रंगीत शब्द एकीकडे अन् हे एकीकडे. आता माही एक खोड आहे, मी जे पाठ करतो थे शब्द न् शब्द करतो. ऐकलं तसंच्या तसं घोकून टाकलं. पुष्पी लगेच सांगाले लागली, पोलिसायनं भैय्यालालले पकडलं, मंग... अन् तेवढ्यात धाडधाड करत मालगाडी आली. आमचं घर रुळाच्या काठाले. शेवटचा डबा जाईपर्यंत इकडे धडा संपला होता, अन् बाया चहा पिऊन राहिल्या होत्या. मी म्हटलं, शेवटचं राहू दे, एवढं पुरते.

परीक्षेले भंडाऱ्याले गेलो. पहिले ती आत गेली, हासत बाहेर आली. मंग मी गेलो. सर म्हणाले, "सांगा, माणूस तस्करीत का ओढला जातो?" मी डोळे मिटले अन् सुरू झालो. धान, ठेकेदार, दवाखाना, इस्त्रीचे कपडे, फटाफट. सर पुढे सरकून ऐकाले लागले. अन् मी त्याच तालात म्हणालो, "त्याले का हौस होती का, कुंताबाई, थे पानं ओल्या फडक्यात ठेव, सुकून राहिले..."

"या कुंताबाई कोण?"

मी डोळे उघडले. सर म्हणाले, "हा भैय्यालाल मघाशी तुमच्या मिसेसच्या उत्तरातही होता. बरं, तो पकडला गेला. मग तस्करी थांबली का?"

तोंडातून निघून गेलं, "सर, तेव्हा मालगाडी आली."

सर इतके हासले का बाहेरचा शिपाई आत आला. काठावर पास केलं मले, उपकार त्यायचे.

एस.टी.त मी खिडकीबाहेर पाहून राहिलो. विचारायचं नाई म्हटलं. पण वरठी जवळ आली अन् राहवलं नाई. "तुह्या थ्या भैय्यालालचं मंग झालं काय?"

पुष्पी म्हणते, "जेलात गेला. अन् तशीच बॅग घेऊन दुसऱ्या गावचा भैय्यालाल गाडीत चढला. हाताले काम त्यालेही नव्हतं. बॅग देणारा गाडीत चढतच नाई, त्याले कोण पकडन?" मंग हळूच म्हणते, "मले विचारलं असतं तं कवाच सांगितलं असतं. पण तुमचं दारच बंद राहते."

घरी येऊन पहिले थे दार सताड उघडलं.

तं आता दुसऱ्या वर्षाले सुट्टीच्या दुपारी मी छपरीत बसतो. माह्या मांडीवरही सूप. बिडी वळता येत नाई, माह्या साऱ्या बिड्या कुंताबाई छाट म्हणून बाजूले फेकते, फेकू द्या. पुष्पी धडा सांगते अन् पहिला प्रश्न मलेच विचारते, आवर्जून. उत्तर एकदम माह्या ओठावर येते, मी तोंड उघडतो... अन् मालगाडी येते. शेवटचा डबा जाईपर्यंत कुंताबाईनं पुष्पीच्या कानाले लागून उत्तर देऊन टाकलेलं असते, अन् पुष्पी तिले म्हणते, "वा!"

नाई, मी काई जळून नाई राहिलो. बायकोवर तं बिलकुल नाई. आता मी कुंताबाईवर जळतो.