वरच्या फळीवरचा माणूस

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या कंपनीच्या संचालिका मार्केटाबाई सालोनियस, व्यासपीठावरचे पाहुणे, चिखलाच्या बुटांनिशी थेट बांधकामावरून आलेले मुकादम ओलावी, जिच्यासाठी हा केक मांडला आहे ती सायमी वुओरेला, आणि कॉफीचा दुसरा कप हाती धरून बसलेल्या माझ्या ताम्पेरेकर सहकाऱ्यांनो,

सायमी उद्यापासून ओउलूच्या नव्या जलतरणगृहाची मॉडेलप्रमुख. त्या जागेसाठी आपल्याकडून दोन अर्ज गेले होते. दुसरा कुणाचा, हे सभागृहाला ठाऊक आहे. उगाच माना खाली घालून हसू नका.

मी सुतारकामातून आलो. संगणकावर इमारत उभी करायला मला कुणी शिकवलं नाही. पाया खणण्याआधी खांब, तुळया, नळ सगळं मॉडेलमध्ये बसवायचं, काय कशावर आदळतं ते शोधायचं, हे आपल्याकडे सुरू केलं ते मी. अध्यक्षांच्या भाषणात हे राहून गेलं, म्हणून सांगितलं.

तर तळ्याकाठच्या घरांचं मॉडेल. गुरुवारची बैठक. पडद्यावर मी तपासणी चालवली. टक्कर एकही नाही! तेवढ्यात सायमी, तेव्हा अगदी नवी, म्हणाली, "सौनाच्या वाफेत वरच्या फळीवर बसेल त्याचं डोकं कुठे जाणार?"

मी म्हणालो, "बाई, डोकं हा इमारतीचा भाग नव्हे."

"मग वरची फळी काय भांडी ठेवायला बांधतोय?" हे ओलावी.

तिनं तिथल्या तिथे मॉडेलमध्ये एक माणूस बसवला. उंच, पोट सुटलेला, उघडाबंब. पुन्हा तपासणी. पडद्यावर लालच लाल! हवेचा डक्ट गड्याच्या या कानातून त्या कानात. मॉडेलमधल्या प्रत्येक वस्तूला नाव लागतं. तिनं लिहिलं, 'ताइस्तो'. म्हणजे अस्मादिक.

इमारतीत टक्कर नव्हती, हे मी आजही सांगतो. डक्ट मात्र हलवला. आता त्या घरांतले लोक वरच्या फळीवर ताठ बसतात आणि गुण सायमीचे गातात. पूर्वी काही अडलं की ओलावी माझ्याकडे यायचा. अजूनही येतो. विचारतो, "ताइस्तो, सायमी कुठाय रे?"

ही युक्ती मला का सुचू नये? वरच्या फळीवर तिच्यापेक्षा जास्त वर्षं मी बसलोय! हेवा वाटतो, मंडळी. तो गिळून वर केक खाल्ला तर पचायचा नाही.

काल तिला विचारलं, "ओउलूला इथून काय नेणार?"

म्हणाली, "ताइस्तोला."

माझा अर्ज आठवला. मग तिनं पडदा माझ्याकडे वळवला. जलतरणगृहाच्या मॉडेलमध्ये अजून भिंत नाही, खांब नाही. नुसती सौनाची एक फळी, आणि तिच्यावर तो बसलेला.

तेव्हा जिथे जायचं होतं तिथे मी चाललोय. कपड्यांशिवाय.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलता बोलता कुणाला धडकलो असेन तर क्षमा असावी. आणि सायमी, तिथे त्याच्या डोक्याला काही लागू देऊ नकोस. पोट मात्र तू जास्त दाखवलंयस. निघण्याआधी टेप घेऊन ये. मोजून घे.