वुलानच्या नावावरची जमीन

मस्कतमधल्या गाला भागातल्या गॅरेजात गाडीची वाट बघत माझ्या शेजारी दोघे बसले होते, वसईचा लेस्ली आणि गुहागरचा शांताराम.

“म्हणजे आता कायमचा बायकोच्या गावी, इंडोनेशियाला?” शांतारामनं विचारलं.

“समुद्राला लागून तुकडा मिळतोय. नारळ आहेत, मासळी दारात. वीज मात्र स्वतःच्या मर्जीनं येते.”

“आणि कागद कोणाच्या नावावर?”

“परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. वुलानच्या नावावर घेतोय.”

“येडा आहेस लेस्ली! उद्या तिनं हाकललं तर?”

“तुझं नाव आहे ना सातबाऱ्यावर?”

“आहे की. चुलतभावांच्या गर्दीत. आंबा उतरवायचा तरी सगळ्यांना विचारावं लागतं.”

“शांताराम, इथं माझं दुकान इतकी वर्षं ओमानी अर्बाबच्या नावावर आहे, कागदोपत्री मालक तोच. त्याच्याशी तर माझं लग्नही झालेलं नाही.”