चौथं कॉफीघर

पूर्वी ग्रीसमधल्या यानिना शहराला जाणाऱ्या बसमध्ये कोंबड्याही असायच्या, तरी मागच्यांचं बोलणं ऐकू यायचं. आता कोंबड्या नसतात, त्यामुळे शब्दन् शब्द कळतो. परवा माझ्या मागच्या बाकावर एक मावशी आणि तिची भाची गारिफालिया होती. भाची कॉफीघराचा परवाना काढायला निघाली होती.

"मावशी, मी पुढच्या थांब्यावर उतरते आणि परत जाते. गावात माणसं दोनशे, कॉफीघरं तीन. माझ्याकडे कोण मरायला येणार?"

"ती तीन कुणाची गं?"

"एक उजव्या पक्षवाल्यांचं, एक डाव्यांचं, एक मधल्यांचं."

"आणि ज्यांचं तिघांशीही वाजलंय, ते कुठे बसतात?"

"घरी."

"घरी नाही, स्वयंपाकघरात. तुझे काका निवडणुकीपासून माझ्या ओट्यापाशी ठाण मांडून आहेत. घेवड्यात मीठ किती घालायचं ते चाळीस वर्षांनी मला शिकवतात."

"असे कितीसे असतील?"

"अकरा. त्यांच्या बायका रोज मला विचारतात, गारिफालिया दुकान कधी उघडतेय? खुर्च्यासुद्धा आम्ही देऊ म्हणतात."

थांबा आला आणि गेला. कुणी उतरलं नाही.

"मावशी, काकांचं माझ्याशीही वाजलं तर?"

"वाजणारच. तेव्हा पाचवं मी काढीन."