आबांची ग्रीसगन आणि सईचा गेम

दोन रात्री मला झोप नव्हती, आणि कारण ऐकलंत तर हसाल. आमची आठ वर्षांची सई हातातला व्हिडिओ गेम खेळताना म्हणाली, "आई, माझा माणूस आपोआप डावीकडं पळतोय. मी काहीच करत नाहीये." मला वाटलं, पोरीचा अंगठा तिच्या नकळत हलतोय. मी पडले बीएस्सी, त्यामुळे मोबाइलवर नसांचे सगळे आजार वाचूनही काढले.

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, गेम हातात घेऊन त्यावरची अंगठ्यानं फिरवायची दांडी हलवली. "पोरीला काय न्हाय झालं. दांडीला प्ले आलाय, ढिली झालीया. ट्रॅक्टरचं स्टेअरिंग असंच एका अंगाला वढतंय. ग्रीस मारलं की झालं."

"आबा, हा काय ट्रॅक्टर आहे का?" म्हणत मी सईला घेऊन इंदापूरहून थेट बारामती गाठली.

डॉक्टरांनी तिचे हात तपासले, मग गेम टेबलावर ठेवला. कुणी हात न लावता तो माणूस डावीकडं चालत गेला आणि नदीत पडला. "पोरगी ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "जॉयस्टिक गेलीय."

घरी आलो तर आबा ट्रॅक्टरला ग्रीस मारायची ग्रीसगन घेऊनच बसलेले. "आता तरी मारू का?"

एकदा त्यांचं ऐकलं नव्हतं, त्याची लाज वाटत होती. म्हटलं, "मारा."

त्यांनी सढळ हातानं ग्रीस मारलं. सईनं गेम सुरू केला, दांडी चारी बाजूंना दाबून बघितली.

"आता डावीकडं जात नाही," ती म्हणाली.

आबांनी माझ्याकडं बघत मिशीवरून हात फिरवला.

"आबा, माझा माणूस आता कुठंच जात नाही," सई म्हणाली. "रुतलाय. पुढं दुसरा ट्रॅक्टर लावा."