पान दोनशे एकतीस

—नाही, पुस्तक नेता येणार नाही. इथेच बसून बघा. शूटिंगसाठी पुस्तक बाहेर जाणार नाही, हे मी तुमच्या त्या माणसाला फोनवर तीनदा सांगितलं होतं, तरी आपण आलात — आलात तर बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय. पाटी लावलीये ना तशी! वाचनालयात येणाऱ्या माणसाने निदान पाटी तरी वाचावी.

तर काय म्हणत होतात — तीन बायका. एक एकोणीसशे एकावन्नची, एक चौऱ्याहत्तरची आणि एक आत्ताची, आपल्यासारखी. तिघी एकच कादंबरी वाचतात, ‘दुसरी घंटा’, आणि तीही आमच्या वाचनालयातली ही प्रत. वा! आणि तिघी खिडकीत बसून वाचतात, असं लिहिलंय तुम्ही. अहो नीरजाबाई, पुण्यातली बाई खिडकीत बसून कधी वाचत होती हो? कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे वाचायची. आमची पुस्तकं परत यायची ती हळदीची बोटं घेऊन, पान सव्वीसवर फोडणीचा डाग — तेवढं दाखवा चित्रपटात, फुकट सल्ला देतो. आणि त्या समासात एकमेकींना निरोप लिहितात म्हणे! चौऱ्याहत्तरची लिहिते आणि दोन हजार सोळाची वाचते. हे मात्र साफ काढून टाका. इथे समासात पेन्सिल टेकवली तर सभासदाचं नाव बाहेर फळ्यावर लागतं. बावन्न वर्षं बसतोय मी या टेबलाशी, माझ्या नजरेतून टिंब सुटत नाही.

चाळा, चाळा. हळू पण. बोटाला थुंकी लावू नका — नाही लावलीत, पण लावाल.

काय? शेवट? शेवटचं पान नाहीये त्याला. दोनशे तीसनंतर थेट पुठ्ठा. दुसरी प्रत मिळायची नाही, आवृत्ती एकच निघाली, लेखिकाही गेली. पण मला तोंडपाठ आहे, सांगतो. सुमती नवऱ्याचं घर सोडून मिरजेच्या शाळेत नोकरीला निघते, गाडीत बसते, दुसरी घंटा होते — आणि ती उतरते. घरी येते, पदर खोचते, चहा टाकते. संपलं. हसलात? हसा. सगळ्याच हसतात. चाळीस वर्षं बायका इथे येऊन विचारतायत, “दीनानाथराव, पुढचं पान नाही हो, शेवट काय आहे?” मी सांगितला की माझ्याकडे बघायचं, मग या खणाकडे बघायचं, आणि हसत हसत म्हणायचं, “पुस्तक पाच मिनिटं परत द्या हं.” गोड शेवट आवडतो बायकांना, दुसरं काय! फक्त एक तुळजाबाई. मांजरीहून बसने यायची, घरी ऊस, दारात ट्रॅक्टर, पण वाचायचा भारी नाद. ती म्हणाली, “आसं नसंल वो काका. येवढी शिकल्याली बाई च्या टाकाया माघारी कशाला यील?” म्हटलं, बाई, छापलंय तेच सांगतोय. तर म्हणते, “मंग छापल्यालं दावा की.”

कुणी फाडलं? लागलं होतं ना फळ्यावर नाव. श्यामसुंदर म्हणून पोस्टात कारकून होता, तारखेच्या कागदावर आधीचं नाव त्याचं. ‘पाने फाडणारे सभासद’ — खाली हे एकच नाव, महिनाभर. पुन्हा पायरी चढला नाही बिचारा. बिचारा म्हणालो का मी? म्हणालो खरा.

असं बघू नका हो माझ्याकडे. आणि एक सांगतो, तुमची ती चौऱ्याहत्तरची बाई शेवट वाचते आणि घर सोडते, हे सगळं चुकलंय. चौऱ्याहत्तरची बाई माझ्या घरात होती, मला विचारा! पद्मजा, माझी बायको. बी.ए., बी.एड. मी नेलेली पुस्तकं दुपारी वाचायची, रोज चार-पाच पानं, पुरवून पुरवून. एक दिवस बघतो तर ‘दुसरी घंटा’त पान दोनशे बाराला खूण म्हणून एक पत्र. साताऱ्याच्या शाळेचं. चोवीस जूनला मुलाखतीला या. मला अवाक्षर बोलली नव्हती. आणि मीही विचारलं नाही. काय विचारणार? जाणार आहेस का म्हटलं आणि ती हो म्हणाली, तर? घाबरलो होतो हो मी. चांगलाच घाबरलो होतो. कारण मला खरा शेवट ठाऊक होता ना — सुमती उतरत नाही. दुसरी घंटा होते, गाडी सुटते, आणि ती मागे वळूनसुद्धा बघत नाही.

तर बांधणी तपासायचीय म्हणून पुस्तक इथे आणलं आणि पट्टी लावून पान फाडलं. अगदी स्वच्छ, बघा, कड कशी सरळ आलीये. टाकून नाही दिलं, वाचनालयाची मालमत्ता आहे ती. या खणात ठेवलं. ती म्हणाली, शेवटचं पान नाही. मी म्हटलं, लोकांना काही शिस्तच नाही — आणि चहाचा शेवट सांगितला. तिने ऐकून घेतला. चोवीस जूनला मी मुद्दाम लवकर घरी गेलो, तर गवार मोडत बसली होती. त्यानंतर एकोणचाळीस वर्षं संसार केला आम्ही. तीन वर्षं झाली तिला जाऊन. एका पानावर संसार वाचला माझा, नीरजाबाई. हे दाखवा की चित्रपटात! नको, नको, दाखवू नका. कुणाला ठाऊक नाही हे.

काय? कुठे? समासात? शक्यच नाही. त्यानंतर मी पुस्तक उघडलं नाही हे खरं, तारखेचा कागद पुढच्या पुठ्ठ्यापाशीच असतो, शिक्का मारायचा आणि द्यायचं, आतलं कोण बघतंय — आणा इकडे. थांबा, चष्मा.

पद्मजाचं अक्षर आहे हे.

‘पुढचं पान यांच्या वाचनालयातल्या टेबलाच्या खणात आहे. मी वाचलं. हे कधी सांगतात, बघू. — प. १९ जून १९७४.’

दुपारी डबा घेऊन यायची ती. मी हात धुवायला मागे जायचो, तेवढ्यात — एकोणीस जून. म्हणजे मुलाखतीच्या आधी पाच दिवस. म्हणजे खरा शेवट वाचूनसुद्धा ती गेली नाही.

आणि खाली हे काय? ‘मीही विचारलं. चहा टाकते म्हणाले. — श्यामला, १९८३.’ ‘अजून चहाच चालू आहे, १९८९.’ ‘इचारलं. खोटं बोलत्यात, पर कान लाल हुत्यात. तुळजाबाई, मांजरी.’ अरे देवा. खालपर्यंत भरलंय पान. म्हणजे त्या विचारायला यायच्या त्या हे वाचून! म्हणून खणाकडे बघायच्या, म्हणून ती पाच मिनिटं, हे लिहायला! आणि तुम्ही? श्यामला तुमची आजी? तरीच तुम्हाला बरोबर चौऱ्याहत्तर साल सुचलं. आणि मघाशी शेवट विचारलात तोही — छान. सगळ्या पुण्याला ठाऊक होतं, एक मी सोडून.

एकोणचाळीस वर्षं रोज रात्री जेवताना विचारायची, “काय हो, आज वाचनालयात काही विशेष?” मला वाटायचं, सवय असेल. आणि मी रोज म्हणायचो, “काही नाही.” रोज, नीरजाबाई. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातसुद्धा विचारलं तिने. “काही नाही,” म्हटलं मी.

बरं. पेन्सिल आहे का तुमच्याकडे? मी ठेवत नाही, इथे मनाई आहे. द्या. आणि या आता, वाचनालय बंद झालं. घड्याळ मलाही दिसतंय, अजून वीस मिनिटं आहेत, तरी बंद झालं. उद्या या, खणातलं पान वाचायला देईन — इथेच बसून. अहं, वाकून बघायचं नाही, मी काय लिहितोय ते तुमच्यासाठी नाहीये. दार ओढून घ्या.